पोर्ट्समथच्या टिप्स, आणि भिंतीवरून आलेली ती हाक

परवा इथे कुणीतरी विचारलं होतं, "फॅमिली घेऊन एका दिवसासाठी पोर्ट्समथला जायचंय, कुणी लोकल टिप्स देईल का?" मी उत्तर लिहायला बसले आणि तीन ओळींत भरकटले. कारण पोर्ट्समथ म्हटलं की मला ती हाक आठवते. म्हणून टिप्स आणि हाक एकाच जागी लिहून टाकते. ज्यांना फक्त टिप्स हव्यात त्यांनी मधलं सोडून द्यावं... पण तुम्ही सोडणार नाही, माहितेय मला.

आधी स्वतःबद्दल सांगते. भूतखेत, भास, संकेत, असलं काही कुणी माझ्यासमोर बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायची. मी बी.एस्सी., फिजिक्स! हे मी दर दोन वाक्यांनी लोकांना सांगायची. अमावस्येला मुद्दाम केस धुवायची. तेव्हा माझं वय एक्कावन्न, मुक्काम लंडनमधलं एजवेअर, आणि आमच्या मंडळाच्या सहलींची मी स्वयंघोषित सेनापती. माझ्याकडे तीन हत्यारं होती. एक लाल छत्री, म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागून चालायचं. एक शिट्टी. आणि तिसरं म्हणजे नवीनच घेतलेलं लॅमिनेटर. त्या वर्षी मी काय काय लॅमिनेट केलं विचारू नका. सहलीचं टाइमटेबल तर केलंच, पण त्यात 'टॉयलेट : १२ मिनिटं' असंही छापलं होतं. आता नात ते बघून खो खो हसते. "आजी, तू किती बॉसी होता!" म्हणते. होता नाही गं, होतीस, मी म्हणते. पण मुद्दा तिचा बरोबर आहे.

तर, २००६ चा उन्हाळा. पोर्ट्समथचा तो शिडासारखा पांढरा स्पिनकर टॉवर उघडून वर्षही झालं नव्हतं, आणि तो बघायला एक कोच भरून मंडळी निघाली. चाळीस डोकी. त्यात आमच्या सासूबाई, म्हणजे आई. वय ब्याऐंशी. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. जन्म हर्णैचा, अगदी समुद्राला लागून घर, पण लग्नानंतर सगळं आयुष्य पुण्यात गेलं. कान जवळजवळ गेलेले. मशीन लावलं तरच ऐकू यायचं, नाहीतर शेजारी ढोल वाजवा. आणि त्या वर्षी अधूनमधून त्या कुठेतरी हरवायच्या... म्हणजे समोर बसलेल्या असायच्या, पण तिथे नसायच्या.

एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली होती. घरात 'पोर्ट्समथ' शब्द निघाला की त्या हसायच्या. गालातल्या गालात. "काय गो म्हणालीस? परत म्हण."

"पोर्ट्समथ, आई."

"परत म्हण."

मी आपली मशीनची बॅटरी बदलायची.

सहलीच्या दिवशी सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात काकडीची सँडविचेस कापत होते. छान त्रिकोणी. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शालन, आज चिरायचं नसतं गो. पंचमी आहे."

नागपंचमी! माझ्या डोक्यातही नव्हतं. पण कबूल कशी करणार? "आई, इथे नाग नाहीत. इथे फक्त स्लग्ज, बिनशंखाच्या गोगलगायी," मी म्हटलं, आणि उरलेली काकडीही कापली.

त्यांनी वाद घातला नाही. त्या माझ्याही आधी उठून पुरणाची दिंडं उकडून बसल्या होत्या. ती डब्यात भरली, आणि डबा बंद करताना म्हणाल्या, "पाचा पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती."

हे कोकणातलं गणित. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार. मी लॅमिनेट केलेला कागद त्यांच्यापुढे नाचवला. "आई, ते हर्णैला. इथे इंग्लंडमध्ये असं तिथीवर नाही चालत. मी इंटरनेटवरून टाइड टेबल काढलंय. पावणेपाच लिहिलंय, आणि हे ग्रीनिच टाइम असतं बरं का, समर टाइमचा एक तास त्यात मिळवायचा. म्हणजे पावणेसहा!"

"बरं," त्या म्हणाल्या.

आता पहिली टिप घ्या. ट्रेननं गेलात तर शेवटच्या स्टेशनला, हार्बरला उतरा. आधीच्या स्टेशनच्या नावातही पोर्ट्समथ आहे, म्हणून अर्धे लोक तिथेच उतरतात आणि मग चालत बसतात. हार्बरला डबा सोडला की खाली पाणीच. तिथूनच समोर गॉसपोर्टची छोटी फेरी सुटते. पाच मिनिटांत पलीकडे. तिकडे काही करायचं नाही, नुसतं जायचं आणि यायचं! सगळं बंदर, जुनी लढाऊ जहाजं, टॉवर, एकदम डोळ्यांत मावतं. जुन्या व्हिक्टरी जहाजावर उंच माणसांनी वाकून चाला. आमच्या ह्यांच्या कपाळाला तिथे दोनदा टेंगूळ आलंय, त्याच तुळईवर. आणि टॉवरवर जी काचेची जमीन आहे ना, तिच्यावर जेवायच्या आधी उभं राहा, नंतर नाही. चिप्स उघड्यावर खायच्या असतील तर भिंतीला पाठ लावून खा. तिथले सीगल मागून येतात.

दुपारी मी मंडळींना जुन्या पोर्ट्समथला नेलं. ही जागा चुकवू नका. बंदराच्या तोंडाशी समुद्रालगत जाड दगडी तटबंदी आहे. तिला हॉट वॉल्स म्हणतात. एका टोकाला चौकोनी बुरूज, दुसऱ्या टोकाला गोल. वरून चालत जाता येतं, आणि मोठमोठ्या बोटी इतक्या जवळून जातात की हात लावावासा वाटतो. चौकोनी बुरुजाजवळ भिंतीला एक ठेंगणं दार आहे. त्यातून वाकून बाहेर पडलं की एकदम समुद्र! खाली गोट्यांचा छोटासा किनारा, डोक्यावर भिंत. ओहोटीला तिथे उन्हात लोळायला गर्दी असते. भरतीला तो किनारा उरतच नाही.

आईंनी ते दार बघितलं आणि माझ्या दंडाला धरलं. "पाय बुडवू या?"

"टाइमटेबलमध्ये साडेतीनला आहे ना, आई! तुमच्यासाठी वीस मिनिटं ठेवलीयत. भरतीला अजून पुष्कळ अवकाश आहे." त्यांना आतल्या बाजूच्या बाकावर बसवलं, दिंडांचा डबा मांडीवर दिला. वारा सुटला होता, आणि वाऱ्यात मशीन शिट्टी मारतं अशी त्यांची तक्रार असायची, म्हणून ते काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. हातानं खूण केली, इथेच बसा. आणि छत्री उंच धरून मी मंडळींना वर चढवलं. हे सगळ्यात पुढे, हातात कॅमेरा.

गोल बुरुजापाशी फोटो झाले, माझं भाषण झालं. सव्वातीनच्या सुमाराला मी एकटीच खाली आले.

बाक रिकामा. डबा बाकावर, झाकण नीट लावलेलं.

मी आधी चिडले. खरं सांगते, पहिल्यांदा राग आला, की टाइमटेबल मोडलं. मग ते दार दिसलं. दाराच्या अलीकडे आईंच्या चपला. देवळाबाहेर काढून ठेवाव्या तशा, जोडीनं, टाचा एका रेषेत.

मी दारातून वाकून बाहेर आले. मघाशी जिथे किनारा होता तिथे पाणी होतं. दाराच्या पायरीला लाटा लागत होत्या. आणि पुढे, बऱ्याच अंतरावर, भिंतीच्या पायथ्याशी गोट्यांचा एक उंचवटा तेवढा उरला होता, त्याच्यावर आई बसल्या होत्या. तोंड समुद्राकडे, लुगड्याचा काठ ओला, पाय पाण्यात. माझ्या आणि त्यांच्यामध्ये नुसतं पाणी. एक बोट गेली, तिची लाट आली, आणि पाणी त्यांच्या मांडीपर्यंत चढून परत उतरलं. त्या हलल्या नाहीत.

"आई! आईऽऽ!"

काही नाही. कान माझ्या पर्समध्ये होते ना.

शिट्टी फुंकली. छत्री हलवली, ती वाऱ्यानं उलटी झाली. पाण्यात दोन पावलं टाकली, तर गुडघ्याच्या वर, आणि पायाखालचे गोटे सरकायला लागले. मला पोहता येत नाही. फिजिक्स येतं, पोहता येत नाही! वर बघितलं, तर कठड्यापाशी परत फिरलेली आमचीच मंडळी, पण सगळ्यांची तोंडं बोटीकडे. पुढची बोट मोठी होती, आयल ऑफ वाइट बेटाहून आत येणारी. तिची लाट केवढी असणार, मला दिसत होतं.

आणि तेव्हा वरून हाक आली.

"मथेऽऽ! ए मथे! ऊठ गो! पंचमी आहे!"

बाईचा आवाज. खणखणीत, वैतागलेला. दिवेलागणीच्या आत पोरगी घरी आली नाही की आई ओरडते तसा. माझ्या डोक्याच्या थेट वरून, भिंतीवरून.

आणि आईंनी मान वळवली.

त्यांनी वर बघितलं. मग... अहो, काय सांगू, ब्याऐंशी वर्षांची बाई, उठताना दोन हात लागायचे तिला, ती अशी पटकन उठली, जशी काही पाठीत धपाटा बसणार आहे. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. आणि माझ्याकडे नाही आली! उलट दिशेला गेली, गोल बुरुजाकडे. मी किंचाळले, कारण मला वाटलं तिकडे नुसती भिंत आहे. पण तिकडे भिंतीतून आत यायला आणखी एक वाट होती, पायऱ्यांची. मला ठाऊक नव्हती. लॅमिनेट केलेल्या नकाशात नव्हती. आई तिथून आत गेल्या, आणि त्या मोठ्या बोटीची लाट आली. गोट्यांचा उंचवटा गेला. पाणी भिंतीला आपटून उडालं ते माझ्या तोंडावर आलं.

मी आतून धावत गेले. आई पायऱ्यांशी उभ्या, ओल्या, जराशा ओशाळलेल्या. मी त्यांना मिठी मारली. आमच्या तीस वर्षांच्या सासू-सुनेच्या संसारात ती पहिलीच मिठी. त्याही गोंधळल्या.

तेवढ्यात तिथल्या आइस्क्रीमच्या व्हॅनमधली बाई खाली उतरून आली. जाडजूड, लाल गालांची, पोर्ट्समथचीच. "इज शी ऑलराइट, लव्ह?" म्हणाली. आईंना व्हॅनच्या पायरीवर बसवलं, स्वतःचा टॉवेल दिला. मग मला म्हणते, "ती वरची बाई तुमच्यातलीच का? केवढी ओरडत होती! मला वाटलं कुत्र्याला हाक मारतेय. मोथे, मोथे. आणि मग म्हणायला लागली, पंच मी, पंच मी! म्हटलं आता मारामारी होते की काय! पोलिसांना फोन करणार होते मी."

पंच मी.

मला एकदम थंडी वाजली. ओल्या साडीची नाही.

मग हे धावत आले, मागून मंडळी. मी पहिलं तेच विचारलं, "अहो, वरून आईंना हाक कुणी मारली?"

"कसली हाक? आम्ही सगळे तिथेच होतो."

"मथे म्हणून. बाईचा आवाज. तुमच्या अगदी जवळून!"

कुणीही नाही. चाळीसातल्या एकानंही काही ऐकलं नव्हतं. आणि व्हॅनवालीनं भिंतीच्या या बाजूनं शब्दन् शब्द ऐकलेला!

मी पर्समधून मशीन काढून आईंच्या कानात घातलं. "आई, वरून कोण ओरडलं?"

त्या अगदी सहज म्हणाल्या, "आई."

"कुणाची आई?"

"माझी गो. दुसरं कोण असं ओरडणार? पंचमीला पाणी लवकर चढतं, दर वेळी सांगावं लागतं मला."

हे खाली बसले, त्यांच्या पायांशी. "आई, मथी कोण?"

"मी."

"तू सुलोचना ना?"

आई हसल्या. तेच, गालातल्या गालात. "तुझ्या बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळावर सुलोचना लिहिलं. मथुरा होते मी त्याआधी. त्या दिवसापासून मथी ताटातच राहिली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू तेवढी म्हणायचीस. पोर्ट्स-मथे, पोर्ट्स-मथे. बरं वाटायचं."

आमचे हे छप्पन्न वर्षांचे. स्वतःच्या आईचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं, आइस्क्रीमच्या व्हॅनशेजारी. त्यांनी टॉवेल घेतला आणि आईंचे पाय पुसत बसले. बराच वेळ. पाय केव्हाच कोरडे झाले होते.

परत निघताना बंदरावरच्या पाटीवर मी भरतीची वेळ बघितली. पावणेपाच. म्हणजे माझ्या टेबलमध्ये समर टाइम आधीच धरलेला होता, आणि मी शहाणीनं वर आणखी एक तास चढवला होता! आणि पावणेपाचातून समर टाइमचा तास काढला तर? पावणेचार. पाचा पाऊण पावणेचार. सरकारनं घड्याळ पुढे केलं होतं, चंद्राला कुणी कळवलं नव्हतं. कोचमध्ये मी लॅमिनेट केलेल्या कागदावर बसून आले. आईंनी मला दिंड दिलं. खाल्लं मी, मुकाट्यानं.

ह्यांनी नंतर खूप डोकं चालवलं. म्हणाले, फुटबॉलचे फॅन 'पोर्ट्समथ' म्हणून ओरडले असतील, तुला 'मथे' ऐकू आलं. मी म्हटलं, जुलैत कसली हो मॅच? आणि फुटबॉलवाले 'ऊठ गो' म्हणतात का? मग म्हणाले, तूच ओरडली असशील घाबरून, तुला आठवत नाही. पण मला ते नावच ठाऊक नव्हतं! बरं, व्हॅनवालीला कुणी पढवलं? आणि सगळ्यात मोठं, आईंना ऐकू कसं आलं? त्या वेळी त्यांचं मशीन माझ्या खांद्याला लटकत होतं. मी बी.एस्सी., फिजिक्स. आवाज म्हणजे काय हे मला शिकवलेलं आहे. इतकी वर्षं झाली, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. फक्त 'भास' म्हणू नका, तो शब्द मी स्वतः लोकांवर फार वापरलाय.

सप्टेंबरात आई परत निघाल्या. विमानतळावर मी त्यांना म्हटलं, "आई, मी मथी म्हणू का तुम्हाला कधीतरी?"

"तू कशाला?" त्या चक्क रागावल्या. "तू सून आहेस. ती हाक मारायची माणसं वेगळी."

दोन वर्षांनी पुण्यात त्या गेल्या. जाऊबाई जवळ होत्या. त्या सांगतात, मशीन काढून ठेवलं होतं, तीन दिवस कुणाच्या हाकेला ओ नव्हती. मग दुपारी एकदम म्हणाल्या, "आले गो, आले." आणि संपलं. जाऊबाईंना पोर्ट्समथची गोष्ट मी तोपर्यंत सांगितलेलीच नव्हती.

आता शेवटच्या टिप्स. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती टिकू देत नाही. भरतीची वेळ पाटीवर बघा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस तिथी सांगत असेल तर तीही ऐका. आणि कुणाला पाय बुडवायचे असतील तर त्याला आधी बुडवू द्या, फोटो नंतर.

माझं शालन हेही ताटातलंच नाव. ह्यांनी अंगठीनं लिहिलेलं. त्याआधीचं पत्रिकेत आहे, पण माहेरी मला ज्या नावानं हाक मारायचे ते ह्यांनाही माहीत नाही. नात फार मागे लागलीये, "आजी, सांग ना, प्लीज!" नाही सांगणार. इथेही लिहिणार नाही. उद्या कुणी वरून हाक मारलीच, तर ती खरी कुणाची हे ओळखायला मला एक तरी खूण हवी ना!

तेव्हा हॉट वॉल्सवर फिरताना एखादं तुम्हाला न कळणारं नाव ऐकू आलं, तर घाबरू नका. फक्त आजूबाजूला कोण उठतं ते बघा. ती मी असले, तर मला अडवू नका... चपला दाराशी असतील, तेवढ्या ह्यांना नेऊन द्या.